चौथ्या सिलिंडरचे ग्रेस मार्क

निकालाचे दिवस आले की आमच्या इमारतीचा जिना वेगळाच वाटू लागतो. एखाद्या मजल्यावर दार सताड उघडं असतं, आत फोन वाजत असतात, पेढ्यांचा बॉक्स चपलांच्या स्टँडवरच ठेवलेला असतो. त्याच्या वरच्या मजल्यावर दार मुद्दाम लोटून घेतलेलं असतं आणि आतून टीव्हीचाही आवाज येत नाही. मी शाळेत शिकवते हे भाईंदरच्या जेसल पार्कातल्या या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मुलं निकाल घेऊन आधी माझ्याकडे येतात. मोबाइल पुढे धरून टक्के सांगतात. मी छान म्हणते, पेढा घेते आणि न राहवून विचारते, "सगळ्यात कमी कशात?"

मुलांचे चेहरे उतरतात. शेजारच्या भाभी एकदा म्हणाल्यासुद्धा, "टीचर, पहले खुश तो हो जाओ." त्यांचं बरोबर आहे. पण माझी नजर बेरजेवर ठरत नाही. ती आपोआप खाली घसरत जाते आणि सगळ्यात लहान आकड्यापाशी जाऊन थांबते.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधून खाडी दिसते. खाडी कसली, खाडीची एक उभी पट्टी. भरतीला चकाकते, ओहोटीला राखाडी होते. यंदा पलीकडच्या प्लॉटवर टॉवर उभा राहतोय आणि ती पट्टी एका बाजूने खाल्ली जातेय. चहाचं आधण ठेवताना मी रोज बघते, आज कितपत उरली. घरातले हसतात, म्हणतात, मोजतेस काय, बिल्डर थांबणार आहे का? मी त्यांना काय सांगू? अशी हळूहळू बारीक होत जाणारी खाडी मी आधी एकदा पाहिली आहे. तेव्हाही निकालाचेच दिवस होते.

नव्वदच्या आसपासची ती वर्षं. आम्ही वरसाव्याला राहायचो, हायवेवरून खाडीकडे उतरणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेला. पत्र्याच्या सहा-सात खोल्या, त्यातली एक आमची. मागे डोंगर, पुढे उतार आणि उताराच्या पायथ्याशी सगळ्यांचा मिळून एक नळ. माझं शिक्षण मंडणगडला मामाकडे राहून झालं. बारावीनंतर बाबांनी मला इकडे आणलं आणि ठाण्याच्या कॉलेजात घातलं. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. मी फिजिक्स घेतलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, हे कशाचं असतं? मी म्हटलं, का पडतं, का सरकतं, का तापतं, त्याचं. ते म्हणाले, मग आपल्या ट्रकचंच की.

ट्रक म्हणजे बाबांचा ट्रक. सहा सिलिंडरचा, निळा, माझ्याहून वयानं मोठा. तिसऱ्या की चौथ्या मालकाकडून तो त्यांनी घेतला होता. भाईंदरच्या मिठागरांवरून मीठ भरायचं आणि भिवंडीकडे नेऊन टाकायचं, हे त्यांचं काम. मिठाचा मोसम उन्हाळ्याचा. पाऊस लागायच्या आत बांधावरचे सगळे ढीग उचलून व्हायला हवेत, नाहीतर पाहता पाहता मिठाचं पाणी. त्यामुळे मे महिन्यात बाबा आम्हाला दिसायचे ते जेवणापुरते. पहाटे ट्रक भरायचा, दुपारी भरल्या ट्रकनिशी घरी यायचं, जेवून झोप काढायची आणि ऊन कललं की पुढे निघायचं.

मिठाचा तो उन्हाळा आठवला की आधी जिभेला आठवतो. बाबा घरात आले की हवाच खारट व्हायची. त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, शर्टाच्या काखेत मिठाचे पांढरे नकाशे असायचे. आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची. ट्रकचं तर मिठानं काही ठेवलंच नव्हतं. दरवाज्याचा तळ चाळणीसारखा झालेला, बिजागऱ्या करकरणाऱ्या, हँडब्रेकची तार गंजून कधीच तुटलेली. मिठावरच्या कुठल्याही ट्रकला हँडब्रेक नव्हताच म्हटलं तरी चालेल. गाडी गियरमध्ये टाकायची, चाकापुढे एक दगड लावायचा आणि उतरायचं. गियरात घातलेली गाडी इंजिन धरून ठेवतं. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा चाकाला हलू देत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नसे, सगळे तसंच करायचे.

त्या वर्षी ट्रक सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागला. बाबा सेल्फ मारायचे, इंजिन घरघरायचं, पांढरा धूर सोडायचं आणि गप्प व्हायचं. पुन्हा घरघर. त्या आवाजानं सगळी चाळ जागी व्हायची. मला तो आवाज आवडायचा नाही. कुणीतरी झोपेत बोलायचा प्रयत्न करतंय आणि शब्द फुटत नाहीत, असं वाटायचं.

तेव्हा बाबांनी ट्रक इनास मिस्त्रीकडे दाखवायला नेला. इनास मिस्त्री भाईंदर गावातला जुना रहिवासी, ख्रिश्चन, बाबांच्याच वयाचा. हायवेला लागून त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रा. त्याच दिवशी मी ठाण्याहून मार्कशीट घेऊन येत होते. एसटीतून उतरले तर समोर आमचा ट्रक तोंड उघडून उभा आणि बाबा हात हलवत बोलावतायत.

माझा निकाल आधी कळला होता, कागद त्या दिवशी हातात आला. बाबांनी हात पुसले, तरी कागदाला बोट लावलं नाही. मलाच वाचून दाखवायला सांगितलं. मी एकेक विषय वाचला. गणिताच्या एका पेपरापुढे बारीक चांदणी छापलेली होती.

"ही चांदणी कशाची? पहिला नंबर?"

मी सांगितलं, तसं नाही. त्या पेपरात मला थोडे मार्क कमी पडत होते, बाकीचे विषय चांगले म्हणून विद्यापीठानं ते स्वतःहून दिले. त्याला ग्रेस म्हणतात. बाबांनी वाकून ती चांदणी जवळून बघितली. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. पण त्यांचा चेहरा उजळला होता. एवढी मोठी जागा, हजारो पोरं, तरी कुणीतरी बसून आपल्या पोरीचा कागद बघितला, थोडक्यासाठी तिचं वर्ष जाऊ नये म्हणून हात दिला, याचंच त्यांना अप्रूप वाटलं. ते इनास मिस्त्रीला हे दोनदा सांगत होते. मिस्त्री म्हणाला, आमच्या वक्ताला मास्तर होते मार्क कमी करून घेवाला, देवाला कोन न्हाय.

मग मिस्त्रीनं ट्रकचा पेपर तपासायला घेतला. कंप्रेशन बघायचं होतं. इंजिनात हवा किती घट्ट दाबली जाते यावर डिझेल पेटणार की नाही ते ठरतं. दाब कमी तर उष्णता कमी, उष्णता कमी तर नुसता पांढरा धूर. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्रीनं डिझेल फवारणारे सगळे नोझल काढले आणि त्यांच्या भोकात एकामागून एक घड्याळासारखं गेज बसवलं. बाबा केबिनमध्ये बसून सेल्फ मारायचे आणि गेजचा काटा उड्या घेत चढायचा. मिस्त्री आकडा सांगायचा, मी खडूनं ट्रकच्या दारावर लिहायची.

पहिला, बावीस. दुसरा, एकवीस. तिसरा, बावीस. काटा पहिल्या उडीतच बराच वर जाई आणि पुढच्या दोन-तीन उड्यांत जागेवर पोचे. चौथ्याला मात्र काटा उठता उठेना. एक लहानशी उडी, थांबला. पुन्हा एक लहानशी, थांबला. जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबणाऱ्या माणसासारखा तो बारापर्यंत गेला आणि तिथंच थरथरत राहिला. मिस्त्रीनं गेज काढून पुन्हा बसवलं. पुन्हा बारा. पाचवा एकवीस, सहावा बावीस.

"नवं इंजिन अठ्ठावीस दाखवतं," मिस्त्री म्हणाला. "हे पाच म्हातारे हायत, पन सारखे म्हातारे हायत. त्याला घाबराया नको. हा चवथा म्हातारा न्हाय, आजारी हाय."

किती साधेपणानं त्यानं ते सांगितलं. सगळे आकडे मिळून खाली आले तर ते वय. एकच आकडा बाकीच्यांना सोडून खाली गेला तर तो रोग. आजही मुलांचे निकाल बघताना मला ते वाक्य त्याच्याच आवाजात ऐकू येतं.

रोग कुठला, तेही त्यानं बघितलं. चौथ्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं आणि पुन्हा गेज लावलं. काटा या वेळी अठरापर्यंत चढला. मला वाटलं, बरा झाला. मिस्त्रीनं मान हलवली. झडप गळत असती तर तेलानं काही फरक पडला नसता. तेल पिस्टनच्या भोवती जाऊन बसलं, फट बुजली, म्हणून काटा चढला. म्हणजे फट तिथंच आहे, पिस्टनवरच्या रिंगांत. तेल उतरेल आणि तो पुन्हा बारावर येईल. इंजिन खोलायला हवं, रिंगा बदलायला हव्यात, पिस्टनभोवतीची नळी, म्हणजे लायनर, बघायला हवा. म्हणजे ट्रक पंधरा दिवस तरी उभा.

बाबांनी डोंगराच्या बाजूला आभाळाकडे बघितलं. आभाळ अजून निळं होतं, पण कडेला कापूस जमू लागला होता. बांधावर मीठ पडलेलं होतं आणि पंधरा दिवस म्हणजे उरलेला सगळा मोसम. ते दारावरचे आकडे बघत उभे राहिले. मग माझ्या हातातला खडू घेतला आणि बाराच्या पुढे एक चांदणी काढली.

"पाच विषयांत पास आहे ना? मग एकात आपण ग्रेस देऊ. पाऊस लागला की उघडू त्याला."

मिस्त्री हसला. मीही हसले. बाबांनी ते इतक्या मायेनं केलं होतं की हसण्याशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. विद्यापीठानं त्यांच्या मुलीला जे दिलं, ते त्यांनी आपल्या ट्रकला दिलं. निघताना मिस्त्रीनं एकच सांगितलं, सेल्फ मारून बॅटरी मारू नको, गाडी उतारावर लावत जा, सोडली की आपसूक चालू होईल. कमजोर इंजिनाच्या गाडीसाठी तेव्हा सगळेच मिस्त्री असंच सांगायचे. आमच्या दारातच उतार होता. संध्याकाळी आईनं तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, चाळीत पेढे वाटले आणि बाबांनी एक पेढा नेऊन ट्रकच्या काचेखाली ठेवला. सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस मी ओट्यावर बसून काढले. पदवी झाली होती, नोकरी नव्हती. दुपारी पत्रा इतका तापायचा की आत बसवत नसे. ओट्यावरून समोर ट्रक दिसायचा, नाक उताराकडे, मागे मिठाचा ढीग, त्यावर ताडपत्री. त्याच्या नाकापुढे, रस्त्याच्या कडेला, विजेचा खांब होता. ट्रक आणि खांब यांच्यामधून मला खाली खाडीची एक पट्टी दिसायची. तिच्यात कधी एखादी होडी शिरायची, मधेच यायची आणि खांबामागे जायची. अर्ज लिहिता लिहिता मी त्या पट्टीकडे बघत बसायची.

बाबा ट्रकखाली झोपायचे. सगळेच ड्रायव्हर झोपतात. तिथं सावली असते, खाडीवरचं वारं खालून सरळ येतं आणि मालाजवळ माणूस राहतो. ते मागच्या चाकांच्या पुढ्यात गोणपाट अंथरायचे, डोकं गाडीच्या नाकाकडे, पाय चाकाकडे. चपला काढून पायांशी, चाकाला टेकवून ठेवायचे. त्यांना पडल्या पडल्या झोप लागायची. ओट्यावरून मला त्यांचे तळवे दिसायचे, मिठानं चिरलेले, पांढरे, आणि त्यांच्या मागे ते काळं चाक.

नक्की कधी, ते सांगता येणार नाही. पण एका दुपारी अर्जावरून मान वर केली आणि वाटलं, पट्टी बारीक झाली आहे. मी स्वतःलाच समजावलं की ओहोटी असेल. पण ओहोटीनं पाणी खाली जातं, पट्टीची रुंदी कशी कमी होईल? मग वाटलं, आपणच सरकून बसलो असू. दुसऱ्या दिवशी मी ओट्याच्या फरशीच्या एका फुटक्या कोपऱ्यावर बसले आणि तिथून हलले नाही. बाबा आले, जेवले, झोपले. पट्टीत एक होडी आली तेव्हा ती अख्खी मावली. ऊन कलताना दुसरी आली तेव्हा तिचं एक टोक कापलं गेलं.

ट्रक निघून गेल्यावर मी रस्त्यावर उतरले. ओल्या मिठाचं पाणी ट्रकच्या मागच्या कोपऱ्यातून ठिबकायचं आणि तापल्या डांबरावर पडल्या पडल्या वाळून त्याचा पांढरा डाग व्हायचा. ट्रक जागच्या जागी उभा असेल तर एकच डाग पडायला हवा. तिथं डागांची रांग होती. एक डाग, त्यापुढे दोन बोटांवर दुसरा, त्यापुढे दोन बोटांवर तिसरा. खाडीच्या दिशेनं. चाकापुढे लावलेल्या दगडाच्या घासटल्याची खूणही त्याच दिशेला होती. इतक्या उन्हाळ्यांत तो दगड गुळगुळीत झाला होता आणि खाली डांबर तेलकट होतं.

मी तिथंच उकिडवी बसून राहिले. भीती एकदम आली नाही. ती आकड्यांच्या वाटेनं आली. गियरात घातलेली गाडी सिलिंडरातल्या कोंडलेल्या हवेवर उभी असते. हवा रिंगांच्या फटीतून हळूहळू निसटते. ती निसटली की इंजिन जरा फिरतं, चाक दोन बोटं पुढे जातं आणि पुढचा सिलिंडर ओझं घेतो. मग त्याचीही हवा निसटते. बाकीचे पाच म्हातारे थोडा वेळ तरी धरून ठेवत असतील. चौथा धरतच नसेल. ज्या कमजोरीमुळे ट्रक उतारावर लावावा लागत होता, त्याच कमजोरीमुळे तो उतारावर थांबत नव्हता. आणि रोज दुपारी त्या चाकापुढे पाय करून माझा बाप झोपत होता. त्यांच्याही पुढे, उताराच्या तळाशी, नळावर हंड्यांची रांग.

मी बाबांना सांगितलं. जेवताना सांगितलं, म्हणून आईनंही ऐकलं. बाबांनी भाकरी मोडता मोडता सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, वाऱ्यानं थेंब इकडेतिकडे उडतात. मी म्हटलं, वाऱ्यानं उडालेले थेंब ओळीत पडत नाहीत. ते म्हणाले, अगं, वीस वर्षं मी गाडी गियरवर सोडतोय. मग हसून आईला म्हणाले, "बघ, स्वतःला ग्रेस मिळाले तेव्हा पेढे वाटले. माझ्या गाडीला दिले तर पोरगी पेपर पुन्हा तपासायला बसली."

आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी दगडाशेजारी आणखी एक दगड होता. तो आईनं आणून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. बाबांनी तो पाहिला असणार. काढला मात्र नाही.

त्या दिवसांतला उकाडा मला अजून आठवतो. वारं पडलं होतं. चेणे गावाच्या बाजूचा डोंगर जवळ आल्यासारखा दिसायचा, एकेक झाड वेगळं. कावळे काटक्या घेऊन जायचे. रस्त्यावर कुत्रीसुद्धा बसायची नाहीत. दुपारी चाळीत कुणी बोलत नसे. त्या शांततेत कान देऊन बसलं की ट्रकमधून एक बारीक आवाज यायचा. झोपलेलं माणूस ओठांच्या फटीतून श्वास सोडतं ना, तसा, लांब, संपत जाणारा. तो संपला की लोखंडात कुठेतरी टक् व्हायचं. मग पुन्हा शांतता. एकदा ऐकल्यावर मला तो सगळीकडे ऐकू येऊ लागला, स्टोव्हमध्ये, नळात, शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या झोपेत.

तो दिवस असाच होता. मी एका शाळेत अर्ज देऊन परतत होते. एसटी खालच्या नाक्यावर थांबली, म्हणून उतार चढून घरी यायचं होतं. म्हणजे ट्रक समोरून येत होता. येत होता असं लिहून गेले. तो उभाच होता, पण मला खरोखर तसं वाटलं. नळाजवळ दोन बायका कपडे धूत होत्या. मी खांबापाशी आले. खांब आणि ट्रकचं नाक यांच्यामध्ये रोज मी बिनधास्त चालत जायची, त्या दिवशी मला अंग चोरावं लागलं. वाकून बघितलं तर दोन्ही दगड चाकाच्या पुढे नव्हते. एक तिरपा होऊन बाजूला पडला होता आणि दुसरा डांबरात तिरका रुतला होता.

बाबांचं डोकं माझ्या बाजूला होतं. तोंड थोडं उघडं. त्यांच्या पायांपलीकडे चाक होतं आणि मध्ये असायला हवी होती ती मोकळी जागा मला दिसत नव्हती.

ओरडावं असं पहिल्यांदा वाटलं. पण ओरडले असते तर ते दचकून उठले असते आणि वर लोखंड होतं. पाय आखडण्याऐवजी ताणले असते, तर मागे चाक होतं. फिजिक्स तिथं कामाला आलं नाही. मी ट्रकच्या बाजूला गेले, खाली बसले आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "बाबा, चहा झालाय."

चहा या शब्दाला बाबा नेहमी एकाच पद्धतीनं उठायचे. आधी गुडघे पोटाशी घ्यायचे, मग कूस बदलून बाजूनं बाहेर यायचे. तसेच आले. डोळे चोळत बसले. आभाळाकडे बघितलं, ऊन अजून उभं होतं. एवढ्यात चहा कुठला, म्हणून पुटपुटले आणि सवयीनं मागे पाय लांबवून चपला चाचपल्या. एक चप्पल पायात आली. दुसरी येईना. त्यांनी अंगठ्यानं ओढली. मग हात घालून ओढली.

चपलेची टाच चाकाखाली होती.

बाबा हात तसाच ठेवून बसले. आई दारात आली होती. दुपारच्या शांततेत ट्रकमधून तो श्वास ऐकू आला, लांब, बारीक, संपत जाणारा. बाबांनी तो पहिल्यांदाच ऐकला. टक् झालं. आणि आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर ते प्रचंड काळं चाक दोन बोटं पुढे आलं, अर्धी चप्पल खाली घेतली आणि थांबलं.

नंतर सगळं भराभर झालं. बाबा एका पायात चप्पल आणि एक पाय तापल्या डांबरावर अशा अवस्थेत केबिनमध्ये चढले आणि ब्रेकवर उभेच राहिले. आईनं धावत जाऊन नळावरच्या बायकांना हटवलं. मी आणि चाळीतले दोघे-तिघे मिळेल तो दगड, वीट, शेवटी पाटासुद्धा घेऊन चाकांपुढे लावत गेलो. कुणी आरडाओरडा केला नाही. निरोप गेल्यावर इनास मिस्त्री आला. त्यानं ट्रकभोवती एक फेरी घातली, चपलेजवळ थांबला, डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"उतारावर लाव, असं मीच बोललो," तो म्हणाला. "मनात न्हाय आला."

बाबा म्हणाले, माझ्याही कुठं आलं.

मीठ दुसऱ्या गाडीत भरून पुढे गेलं. ट्रक ओढून सपाटीवर नेला तेव्हा चप्पल सुटली. बाबांनी ती उचलली, झटकली, पायात घातली. मग दारापाशी गेले. खडूचे आकडे इतक्या दिवसांत फिकट झाले होते, पण वाचता येत होते. त्यांनी तळहात जिभेनं ओला केला आणि बाराच्या पुढची चांदणी पुसली. फक्त चांदणी. आकडा तसाच ठेवला.

इंजिन उघडलं तेव्हा चौथ्या पिस्टनच्या रिंगांचे तुकडे निघाले. लायनरवर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते, कुणी नखांनी धरून राहायचा प्रयत्न केल्यासारखे. मिस्त्रीनं एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. इतकासा, वजन नसलेला. पाऊस लागला तेव्हा ट्रक पत्र्याखाली उघडाच होता आणि बांधावरचं उरलेलं मीठ वाहून गेलं. तो पावसाळा कसा काढला ते आईला ठाऊक. जूनच्या अखेरीस मला एका शाळेत तात्पुरती जागा मिळाली आणि पुढे तीच कायम झाली. ट्रक पुन्हा बांधला, आणखी काही मोसम चालला, मग विकला. बाबा मात्र त्याच्याखाली पुन्हा कधी झोपले नाहीत. दुपारी घरात, तापल्या पत्र्याखाली, घामानं भिजत पडून राहायचे. बाहेर काही टक् झालं की उठून बसायचे.

माझ्या मार्कशीटवरची चांदणी अजून आहे. तिचा मला कधी संकोच वाटला नाही. कुणीतरी हात दिला म्हणून मी वर्गापुढे उभी राहू शकले आणि तो हात आपण पुढे द्यायचा असतो, असं मी मानत आले. कुणाला थोडक्यासाठी मागे ठेवायची वेळ आली की मीच मुख्याध्यापकांशी भांडते. पण ग्रेस दिलेल्या मुलाला मी वर्षभर नजरेआड करत नाही. माणसाला कळतं की आपल्याला काही दिलं गेलंय. तो ते भरून काढू शकतो. लोखंडाला ते कळत नाही. आणि कधीकधी माणूसही लोखंडासारखा गप्प बसून आत झिजत असतो, ते बाहेरून पांढऱ्या डागांसारखं काहीतरी दिसेल तेव्हाच कळायचं.

बाबा आता ऐंशीला आले आहेत. आमच्याकडेच असतात, मागच्या खोलीत. दुपारी जेवून आडवे होतात. घर शांत होतं. पलीकडच्या टॉवरवरचा ठोकण्याचा आवाजही त्या वेळी थांबतो, मजूर जेवायला गेलेले असतात. मी ओट्यापाशी उभी राहते. खिडकीतली खाडीची पट्टी कालच्यापेक्षा बारीक वाटते आणि अजून आधण ठेवलेलं नसतानाच मी हाक मारते, रोजच्या आवाजात.

"बाबा, चहा झालाय."

थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग कूस बदलल्याचा आवाज. पलंगाची करकर. फरशीवर पायानं चपला चाचपल्याचा आवाज येतो. एक. मी गॅसची कळ धरून तशीच उभी असते.

मग दुसरी.